पडवीतील दूरचित्रवाणी संचाची निवड : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, समुद्रकिनाऱ्यापासून बरेच आत असलेले तालुके होत. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत, पायथ्याशी भाताची खाचरे आणि त्यांच्या कडेने वाड्या, अशी या मुलखाची सर्वसाधारण ठेवण आहे. येथील जुन्या घरांत बाहेरून आत जाताना अंगण, पडवी, ओटी व माजघर असा क्रम बहुधा आढळतो. यांपैकी पडवी ही धड घरातली नव्हे व धड बाहेरचीही नव्हे. तिला छप्पर असते. परंतु अंगणाकडील बाजू उघडी असते किंवा फार तर कमरेइतक्या कठड्याने अडविलेली असते. घरातील माणसांची खरी बैठक मात्र तेथेच असते. आलागेला तेथे टेकतो, गणपतीला व शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी तेथेच गप्पांना बसतात, आणि उन्हाळ्यात अर्धे घर तेथेच निजते. अशा जागी दूरचित्रवाणी संच ठेवावयाचा झाल्यास तो कोणत्या प्रकारचा असावा व कसा बसवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवत नसे. काचेच्या नळीचा संच जड, खोल व नाजूक असल्यामुळे तो एकदा माजघरात किंवा ओटीवर कोपऱ्यात बसला की हलत नसे. चपटे पडदे आल्यानंतर ही अडचण उरली नाही. आजचा ३२ इंची संच सुमारे चार-पाच किलोग्रॅम वजनाचा असतो व एका माणसाला सहज उचलता येतो. त्यामुळे संच बाहेर आणण्याची इच्छा झाली, तर ती अमलात आणणे सोपे झाले आहे. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की, बाहेर आणलेला संच बंद खोलीसाठी बनविलेला असतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा सामान्यतः ४० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी दिलेली असते. चैत्र-वैशाखात महाडच्या खोऱ्यात पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि आषाढ-श्रावणात दुसरी.

उघड्या जागेत बसून दूरचित्रवाणी पाहणे ही कल्पना मात्र नवी नाही. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण प्रस्तुत विषयास तो प्रयोग फार उद्बोधक आहे. त्या खेड्यांतून संच शाळा, पंचायतघर अशा सार्वजनिक इमारतींत ठेवीत, आणि गावकरी पुढच्या मोकळ्या जागेत जमत. लहरी पकडण्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची तबकडी उभारलेली असे. मुख्य कार्यक्रम सायंकाळचा असे. पुढे येणाऱ्या प्रकाशाच्या विवेचनावरून या सायंकाळच्या वेळेचा आणखी एक लाभ वाचकांच्या ध्यानात येईल.

पडवीतील संचाविषयी पहिली तक्रार असते ती दिवसा चित्र दिसत नाही ही. विक्रेता यावर अधिक तेजस्वी संच सुचवितो. पडद्याची दीप्ती कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. बाजारात त्यास ‘निट’ म्हणतात. साधारण घरगुती संच २५० ते ३५० निट इतका, चांगल्या प्रतीचा ५०० ते १,००० निट इतका, आणि उन्हात ठेवण्यासाठी मुद्दाम बनविलेला संच १,५०० ते २,००० निट किंवा त्याहूनही अधिक प्रकाश देतो. हे आकडे पाहून जितके निट अधिक तितका संच चांगला, असा समज होणे साहजिक आहे. परंतु चित्र दिसते ते केवळ पडद्याच्या तेजामुळे नव्हे, तर पडद्याचा उजळ भाग व काळा भाग यांतील फरकामुळे. काळा भाग किती काळा राहील, हे बाहेरचा किती प्रकाश पडद्यावरून परत फिरतो यावर अवलंबून असते. येथेच बसविण्याच्या जागेचे महत्त्व येते.

समजा, संच घराच्या भिंतीवर, तोंड सरळ अंगणाकडे करून टांगला आहे. पडद्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. समोर पांढरे ढगाळ आकाश असेल, तर त्याची दीप्ती ५,००० निटच्या आसपास असू शकते, आणि तिचे चार टक्के म्हणजे २०० निट. म्हणजे पडद्याचा जो भाग काळा दिसावयास पाहिजे, तो २०० निट इतका उजळतो. ३०० निटच्या संचाचा उजळ भाग त्यामुळे ५०० वर जातो, आणि उजळ व काळा यांचे प्रमाण अवघे अडीचास एक इतके राहते. चित्र फिके, धुरकट दिसते, आणि त्यात पाहणाऱ्याला स्वतःचीच आकृती दिसू लागते. आता तोच संच पडवीच्या टोकाच्या आखूड भिंतीवर, म्हणजे अंगणाशी काटकोनात बसविला असता त्याच्या समोर आकाश न येता पडवीचा आतला भाग येतो. पडवीत सुमारे २,००० लक्स प्रकाश आहे असे मानल्यास मातकट रंगाच्या भिंतीची दीप्ती २०० निटच्या आतच राहते, आणि तिचे चार टक्के म्हणजे जेमतेम आठ निट. पडद्यावर पसरट रीतीने विखुरणारा प्रकाश आणखी सहा-सात निटांची भर घालतो. प्रमाण आता विसास एक किंवा किंचित अधिक होते. अंगणाकडे तोंड असलेल्या जागी हेच प्रमाण साधावयाचे तर चार हजार निटांहून अधिक तेजाचा पडदा लागेल. दुकानातला कोणताही सामान्य घरगुती संच इतके तेज सबंध पडद्यावर सतत देऊ शकत नाही. सारांश, भिंत बदलल्याने जे विनामूल्य साधते ते पैसे खर्चून साधत नाही. खरेदीपूर्वी भिंत ठरवावी, भिंतीनंतर संच.

आखूड भिंतीचे आणखी दोन फायदे आहेत. पडवी लांबट व अरुंद असते. संच लांब भिंतीवर असला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना पडदा तिरका दिसतो, आणि स्वस्त पडद्यांपैकी पुष्कळांत तिरक्या नजरेला रंग उतरलेले दिसतात. संच टोकाला असला की सर्वांची तोंडे जवळजवळ सरळ येतात. तरीही मंडळी दाटीने बसणार असतील, तर ‘व्ही. ए.’ जातीच्या पडद्यापेक्षा ‘आय. पी. एस.’ जातीचा पडदा पत्करावा. अंधाऱ्या खोलीत पहिल्याचा काळा रंग अधिक गडद असतो, परंतु पडवीत तो गुण वाया जातो. दुसरा फायदा असा की, बसणाऱ्याला आपले अंतर निवडता येते. जागेची सोय नसल्यास आणि संच अंगणाकडेच लावणे भाग असल्यास तो थोडा पुढे झुकवावा. पडदा दहा अंश खाली झुकविला असता परावर्तनाची दिशा वीस अंश खाली वळते, आणि आकाशाऐवजी जमीन प्रतिबिंबित होते. शेणाने सारवलेली जमीन येथे उपकारक ठरते, कारण ती थोडाच प्रकाश परत पाठविते. पांढऱ्या गुळगुळीत लाद्या बसविलेल्या पडवीत हा लाभ मिळत नाही.

अंगणात, उघड्या उन्हात संच ठेवण्याचा विचार या मुलखात सोडून द्यावा हे बरे. भर दुपारी तेथे एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. शिवाय काळा पडदा ऊन शोषून घेतो. त्यातील द्रवस्फटिक ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की त्याचा प्रकाश नियंत्रित करण्याचा गुण नाहीसा होतो व पडद्यावर काळे डाग उमटतात. ते निवल्यावर बहुधा जातात, पण दर वेळी जातीलच असे नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पडवीतही वैशाखात तिसऱ्या प्रहरानंतर तिरपे ऊन थेट आत येते. तेथे पडद्यावर सावली राहील अशा टोकाची निवड करणे अगत्याचे आहे.

पडद्याच्या आकाराविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर व ४३ इंची पडद्याची सुमारे ५४ सेंटिमीटर भरते. साध्या दर्जाच्या प्रक्षेपणात एका चित्रात ५७६ ओळी असतात, आणि असे चित्र उंचीच्या सहापट अंतरावरून स्वच्छ दिसते. म्हणजे पहिल्यासाठी अडीच मीटरांच्या आत-बाहेर व दुसऱ्यासाठी सव्वातीन मीटर. ज्या घरांत मोफत उपग्रह सेवेवरील साध्या दर्जाच्या वाहिन्या पाहिल्या जातात, तेथे मोठा ‘फोर के’ पडदा घेऊन चित्र अधिक चांगले दिसत नाही, उलट त्यातील दोष अधिक स्पष्ट होतात.

खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. महाडास वर्षाकाठी सरासरीने ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पोलादपूरच्या माथ्यावर असलेल्या महाबळेश्वरास ५,५०० मिलिमीटरांहून अधिक. हा पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्य व पश्चिम वाऱ्यांबरोबर तो झडीने आत येतो, आणि पश्चिमाभिमुख पडवी आतल्या भिंतीपर्यंत भिजते. पूर्वेकडे तोंड असलेली पडवी घराच्या आडोशाला असल्यामुळे तुलनेने कोरडी राहते. तथापि संचाचे अधिक नुकसान करते ती झड नव्हे, तर न दिसणारी दमट हवा. २६ अंश तापमानाच्या व ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. बंद पडून असलेला संच रात्री दोन अंशांनी जरी थंड झाला, तरी त्याच्या आतल्या पट्ट्यांवर दव धरते. धूळ व दव यांचा थर वीजवाहक होतो. तांब्याच्या जवळजवळच्या रेषांतून क्षार चढतात, जोडण्या हिरव्या पडतात आणि एके दिवशी संच लागेनासा होतो. दुरुस्ती करणारा ‘बोर्ड गेला’ एवढेच सांगतो.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. संच चालू असताना त्याच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उबदार राहते. २६ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यात बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर उतरते, म्हणजे माहितीपुस्तिकेच्या मर्यादेत येते. म्हणून पावसाळ्यात पडवीतील संच रोज थोडा वेळ चालू ठेवणे हा त्याच्या रक्षणाचा उत्तम उपाय होय. मुंबईस राहणारे कुटुंब मे महिन्यात येऊन संच लावते, कुलूप घालते आणि गणपतीला परत येते. अशा घरातील संच अधिक लवकर बिघडण्याचे हे एक कारण होय. या कुटुंबांनी निघताना संच भिंतीवरून काढून माजघरात, शक्य तर चुलीच्या उबेच्या भिंतीलगत परंतु धुरापासून दूर, ठेवावा. पुष्कळ लोक तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवितात. हेतू चांगला असला, तरी परिणाम उलटा होतो. पिशवीत अडकलेली दमट हवा बाहेर जाऊ शकत नाही व रात्री तिचेच दव संचावर जमते. त्यापेक्षा जुने सुती लुगडे बरे.

बाहेर वापरण्यासाठी मुद्दाम बनविलेल्या संचांवर ‘आय. पी. ५५’ यांसारखी संरक्षणाची संज्ञा असते. तीमधील पहिला आकडा धूळ व घन पदार्थ यांपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे रक्षण दर्शवितो. दुसरा आकडा ५ असल्यास साडेसहा मिलिमीटरांच्या आसपासच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सर्व बाजूंनी मारले तरी संचास अपाय होत नाही असा अर्थ होतो. पण ही चाचणी काही मिनिटांची असते. प्रमाणकात किमान काळ तीन मिनिटांचा आहे. आषाढातील आठवडाभराच्या झडीची किंवा चार महिन्यांच्या दमटपणाची ती हमी नव्हे. शिवाय संचाचे कवच पाणबंद असले तरी त्याला जोडलेली पेटी, तारांची टोके व भिंतीवरील खटका पाणबंद असतोच असे नाही. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे धातू गंजतो, म्हणून तेथे क्षाररोधक कवचाचे मोल आहे. महाड-पोलादपुरास खारा वारा तितका पोचत नाही. येथे क्षाररोधक लेपासाठी जादा किंमत देणे विशेष फायद्याचे नाही. असे संच तेवढ्याच आकाराच्या घरगुती संचापेक्षा कित्येक पटींनी महाग पडतात. महामार्गावरील एखाद्या उपाहारगृहाच्या मांडवात, जेथे संच दिवसभर चालू राहतो व रोज आत नेणे शक्य नाही, तेथे तो खर्च समर्थनीय ठरेल. शेतकरी कुटुंबाने तो करू नये, असेच वरील सर्व गोष्टींचा विचार करता म्हणावे लागते.

त्या कुटुंबासाठी योग्य वाटणारी योजना पुढीलप्रमाणे आहे. संच साधा, ३२ ते ४३ इंची घ्यावा. तो आखूड भिंतीवर, कौलांच्या गळतीपासून दूर, लाकडी कपाटात बसवावा. कपाटास पुढून दोन झडपा असाव्यात, मागे व वर चार बोटे मोकळी जागा असावी, आणि हवा खेळण्याच्या भोकांना बारीक जाळी ठोकावी. ही जाळी क्षुल्लक समजू नये. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उजेडावर झेप घेते. तिच्यामागून पाली येतात, आणि उबदार संचाच्या पाठीमागे घर करतात. विजेच्या पट्टीवर आडवी पडलेली पाल स्वतः मरते व संचही मारते. कुंभारमाशी तर मिळेल त्या भोकात मातीचे घर बांधते. भिंतीवरील पकड अशी असावी की, एका माणसाला हत्याराशिवाय संच काढून आत नेता येईल. अशा वापरात निर्मात्याची हमी लागू राहते किंवा नाही, हे मात्र खरेदीपूर्वी वाचून घ्यावे. पुष्कळ हमीपत्रांत घराबाहेरील वापर वगळलेला असतो.

विजेच्या बाबतीत चूक झाली तर ती केवळ संचावर निभावत नाही. पडवीची जमीन पावसाळ्यात ओली असते आणि तेथे मुले अनवाणी वावरतात. त्यामुळे पडवीकडे जाणाऱ्या मंडलावर ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक खटका असणे आवश्यक आहे. शरीरातून जाणारा प्रवाह घातक ठरण्यापूर्वी हा खटका वीज तोडतो. साधा फ्यूज ते करू शकत नाही, कारण तो वितळण्यास लागणारा प्रवाह माणसाचा जीव घेणाऱ्या प्रवाहाच्या कितीतरी पटींनी मोठा असतो. माजघरातून ओढलेली लांबलचक जोडतार पत्र्याच्या छपराखालून, लोखंडी खांबाला गुंडाळून आणण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले गेल्यास सबंध छप्पर विजेने भारले जाते. तार नळीतून न्यावी व जोडणीची जागा कमरेच्या वर, पावसाच्या शिंतोड्यांपलीकडे ठेवावी. दाब कमी-जास्त होतो म्हणून दाबनियंत्रक घेण्याकडे लोकांचा कल असतो. आजचे बहुतेक संच १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान विनातक्रार चालतात. त्या पैशात गळतीरोधक खटका आधी बसवावा.

मे महिन्याच्या अखेरीस व आश्विनात परतीच्या पावसाच्या वेळी विजांचा कडकडाट होतो. डोंगरउतारावरील एकाकी घराच्या छपरावर उभी केलेली तबकडी व तिच्यापासून आत येणारी तार हा विजेला घरात येण्याचा सोपा मार्ग होतो. ढग गडगडू लागताच केवळ खटका बंद करून भागत नाही. विजेची गुडदी व तबकडीची तार अशा दोन्ही काढाव्या लागतात, आणि त्या वीज जवळ येण्यापूर्वी काढावयाच्या असतात. तबकडीचा लोखंडी खांब जमिनीशी जोडावा. जांभ्याची कोरडी जमीन विजेला सहज वाट देत नाही. म्हणून भूसंपर्काचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, कायम ओल राहील अशा ठिकाणी घेतलेला बरा.

तबकडीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. डोंगरांच्या आड असलेल्या गावांना भूकेंद्रांवरून येणाऱ्या लहरी नीट मिळत नसत. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची भूप्रक्षेपणे २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद झाली, आणि डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा हा त्यानंतर अनेक घरांचा आधार राहिला. ज्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून ही सेवा दिली जाते, तो महाडहून पाहता आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. इतक्या उंचीवर सह्याद्रीचा अडथळा होत नाही. अडथळा होतो तो अंगणातल्या फणसाचा व आंब्याचा. झाड दरवर्षी वाढते, आणि पाने ओली असताना लहरी अधिक शोषते. तबकडी बसविताना आजचे झाड न पाहता पाच वर्षांनंतरचे झाड डोळ्यांपुढे आणावे.

पावसाचा अडथळा याहून मोठा आहे. या सेवेच्या लहरी सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात, व मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असताना दर किलोमीटरमागे चार ते पाच डेसिबेल क्षय होतो, आणि लहरींना काही किलोमीटर पावसातून यावे लागते. साठ सेंटिमीटरांऐवजी नव्वद सेंटिमीटरांची तबकडी घेतल्यास सुमारे साडेतीन डेसिबेल अधिक मिळतात. त्यामुळे मध्यम सरीत चित्र टिकते, परंतु मुसळधार पावसात टिकत नाही. म्हणजे ज्या घटकेला इशारा ऐकणे सर्वांत आवश्यक असते, त्याच घटकेला संच मुका होतो.

ही भीती काल्पनिक नाही. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ व २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाडच्या बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. वीज गेली आणि भ्रमणध्वनीचे मनोरेही बंद पडले. त्या अवस्थेत पडवीतील संच, कितीही निटांचा असला तरी, निरुपयोगी होता. यावरून संच घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तो बॅटरीवर किती काळ चालेल. ३२ इंची संच व त्याची पेटी मिळून ६० ते ७० वॅट घेतात. १२ व्होल्टची १५० अँपियर-तासांची बॅटरी अर्धी वापरली तरी हा भार बारा तासांच्या आसपास पेलते, तर उन्हासाठी बनविलेला मोठा संच दोनशे वॅटहून अधिक घेऊन ती तीन-चार तासांतच निकामी करतो. दुसरी, सखल भागातील घरात संच पाणी चढण्यापूर्वी माळ्यावर नेता आला पाहिजे. पुराची पातळी पकडीच्या उंचीला जुमानत नाही. तिसरी गोष्ट संचाविषयी नाहीच. मध्यम लहरींवरील आकाशवाणीला पावसामुळे असा क्षय होत नाही, आणि डोंगराआडही त्या लहरी बऱ्याच अंशी पोचतात. सुक्या घटांवर चालणारा लहान रेडिओ त्याच कपाटात, संचाच्या शेजारी, ठेवलेला असावा.

अंगणात वीस-पंचवीस माणसे जमणार असतील, म्हणजे क्रिकेटचा सामना असेल किंवा शिमग्याच्या दिवसांत वाडी एकत्र आलेली असेल, तर दूरचित्रवाणी संचापेक्षा प्रक्षेपक अधिक सोयीचा. ३,००० ल्युमेनचा प्रक्षेपक शंभर इंची पांढऱ्या पडद्यावर साडेतीनशे निटच्या आसपास दीप्ती देतो. अंधार पडल्यावर ती पुरते. दिवसा ती कामाची नाही. जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाला याच कारणाने सूर्यास्ताची वाट पाहावी लागे. समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीत सार्वजनिक संच बसवावयाचा असल्यास मात्र प्रकाश व पाऊस यांखेरीज आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, तेथे सार्वजनिक वस्तू कोणाच्या अंगणात आहे व तिच्यासमोर कोण कोठे बसतो, हे प्रश्न गौण मानता येत नाहीत. संच एखाद्या प्रतिष्ठिताच्या खाजगी पडवीत ‘सोयीसाठी’ ठेवणे चुकीचे होय. जागा अशी असावी की, सर्व वाड्यांतील माणसांना, विशेषतः स्त्रियांना, कोणाच्या घराची पायरी न चढता तेथे येता यावे. कपाटाची किल्ली, रोजचा अर्धा तास व गडगडाट होताच तारा काढणे यांची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावनिशीवार असावी.

उघड्यावर आवाजाचा प्रश्न वेगळा असतो. खोलीत भिंती आवाज परत पाठवितात. अंगणात अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबेलने घटतो. चपट्या संचाचे ध्वनिक्षेपक लहान असून पुष्कळदा मागे किंवा खाली वळलेले असतात. मागे बसणाऱ्यांसाठी संचाचा आवाज वाढविला की पुढच्यांचे कान किटतात व शेजारच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलाला त्रास होतो. एक लहान वेगळा ध्वनिक्षेपक बसणाऱ्यांच्या मध्यभागी, छपराच्या वाशाला टांगून हळू आवाजात लावला, तर सर्वांना सारखे ऐकू येते आणि आवाज कुंपणाबाहेर फारसा जात नाही.